मिगचा पोळा

बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, मग पावसाळा, मग आळस. विषय मात्र डोक्यात घोळत होताच. आज लिहूनच टाकतो. नातेवाईक मंडळींपैकी काहींना हे आवडणार नाही, विशेषतः मनीषनगरच्या शाखेला. त्यांनी खाली प्रतिसादात खुशाल भांडावे. फोन करू नये, फोनवर मला अर्धे ऐकू येत नाही आणि मग मी हो हो म्हणतो, त्याचा लोक भलताच अर्थ काढतात.

तर झाले असे. २०२५ च्या तान्ह्या पोळ्याला आम्ही दोघे पुतण्याकडे मनीषनगरला होतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा असतो. लाकडी बैल, खाली चाके, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. मुले नटूनथटून बैल ओढत घरोघरी जातात आणि घरची मंडळी बैलाला ओवाळून मुलांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे पाच-दहा रुपये, हल्ली पन्नाससुद्धा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असे सांगतात. त्याच दिवशी तिकडे जुन्या नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. मनीषनगरात मारबत नाही, पण पोळा सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरतो. चालायचेच. बैल आहेत ना, मग पार्किंग तर पार्किंग.

पुतण्याला लढाऊ विमानांच्या मॉडेलांचा षौक आहे. प्लास्टिकची नव्हेत, धातूची. जस्ताचा मिश्रधातू वितळवून साच्यात दाबाने भरतात, त्याला डायकास्ट म्हणतात. ७२ पट लहान. दिवाणखान्यात एक काचेचे कपाट आहे, आत बारीक दिवे, आणि दिव्यांखाली चौदा-पंधरा विमाने. अजून सहा-सात वरच्या फळीवर डब्यातच आहेत. ती डब्यातून काढलेलीच नाहीत. डबा फोडला की किंमत उतरते म्हणे.

त्या दिवशी दुपारी पुरणपोळी खाऊन सगळे आडवे झाले होते. पुतण्याचा मुलगा, वय वर्षे सात, त्याने खुर्ची लावली, कपाट उघडले आणि त्यातले मिग-२१ बाहेर काढले. आपल्या आईच्या हळदीकुंकवाच्या डबीतले कुंकू त्याच्या नाकाला लावले, पंखावर झुलीचे फडके टाकले, पुढच्या चाकाला लाल लोकर बांधली आणि पार्किंगमध्ये बैलांच्या रांगेत नेऊन उभे केले. शेजारी त्याचा स्वतःचा लाकडी बैलही होता, म्हणजे जोडी झाली. चार पावले ओढले असेल, फरशीच्या फटीत अडकून विमान तोंडावर आपटले. मिगच्या नाकावर ती भाल्यासारखी लांब सळई असते ना, वेग मोजायची, ती मोडली. एक चाक निखळून गाड्यांखाली गेले.

पुढचे काय सांगू. पुतण्या खाली आला. "काहून हात लावला बे? काहून?" एवढेच चार-पाच वेळा, दर वेळी आवाज चढता. पोराला दंड धरून वर नेले. बैल तिथेच राहिला, बोजारा राहिला, ओवाळणेही राहिले. मी मागाहून खोलीत गेलो तर भिंतीकडे तोंड करून बसला होता. विचारले, का रे नेलेस? तर म्हणाला, "आजोबा, तो रिटायर होणार आहे न. म्हणून त्याचा पोळा."

बातमी खरी होती. शाळेत सांगितले असेल किंवा टीव्हीवर पाहिले असेल. मिग-२१ हवाई दलातून निवृत्त होणार असे जुलैमध्ये जाहीर झाले होते आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला त्याला निरोप दिला गेला. त्याच चंडीगडला १९६३ मध्ये त्याची पहिली तुकडी उभी राहिली होती. बासष्ट वर्षे नोकरी. मी पस्तीस वर्षे केली, तर मला शाल आणि नारळ मिळाला होता. वर्षभर राबलेल्या बैलाला पोळ्याच्या दिवशी जू ठेवत नाहीत, खांद्याला तूप-हळद लावून शेकतात. या पोराने बासष्ट वर्षे राबलेल्या जनावराला कुंकू लावले, यात चुकले काय?

पुतण्याचे म्हणणे असे, "काका, ते खेळणं नाही. कलेक्टिबल आहे. डब्यावर लिहिलं आहे, चौदा वर्षांवरील."

आता मी पस्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे शब्द आला की तो उलटापालटा करून पाहायची खोड आहे. कलेक्टिबल म्हणजे संग्राह्य. चांगला शब्द आहे. पण संग्राह्य काय आणि का, हे सांगणारा शब्द त्याच्या पोटात नाही. जे गोळा करता येते ते गोळा करावे, झाले. मी विचारले, हे विकणार आहेस का? नाही म्हणाला. मग किंमत वाढून उपयोग काय? यावर तो गप्प. बारा हजारांचे विमान उद्या चोवीस हजारांचे झाले आणि विकायचे नाही, तर तो फायदा कोणत्या वहीत मांडायचा, हे मला मराठीच्या मास्तरला तरी कळत नाही.

आणि 'खेळणे नाही' हे तर इतिहासालाच धरून नाही. ही बहात्तरावी पट आली कुठून? एक इंचाला सहा फूट, असे ते साधे इंग्रजी माप आहे. १९४२ च्या जानेवारीत, युद्धात नुकत्याच उतरलेल्या अमेरिकेच्या नौदलाने देशातल्या शाळकरी मुलांना सांगितले, की आम्हाला विमानांचे पाच लाख नमुने करून द्या, बहात्तराव्या पटीत. आपली आणि शत्रूची अशी पन्नास प्रकारची विमाने. कशाला? तर सैनिकांनी ती पाहून-पाहून आकार ओळखायला शिकावे म्हणून. शाळाशाळांतून पोरांनी लाकूड तासून, घासून, काळा रंग देऊन ती केली. म्हणजे ज्या पटीचे एवढे सोवळे चालले आहे, तिच्या विमानांचा एवढा मोठा कारखाना एके काळी शाळेतल्या पोरांच्याच हातांनी चालवला होता. चौदा वर्षांवरील म्हणे!

डब्यात ठेवले म्हणजे टिकते, हीही एक समजूत. इंग्लंडमधल्या डिंकी कंपनीची युद्धापूर्वीची कितीतरी धातूची विमाने आज नुसत्या फळीवर ठेवल्या ठेवल्या तडकून भुगा होतात. कोणी हात लावला म्हणून नाही. त्या जस्तात शिसे मिसळले गेले होते, ते आतून पोखरते. आताचा धातू शुद्ध असतो, मान्य. पण पोराच्या बोटांनी विमान झिजते आणि काचेच्या आत ते अमर होते, असे मानणाऱ्यांनी ते भुगे एकदा पाहावेत.

कारागिरीबद्दल मात्र माझे काही म्हणणे नाही. मी स्वतः भिंग घेऊन पाहिले. पत्र्यांच्या जोडरेषा, पोटाखालच्या टाक्या, वर उघडणारी काच, आत बसलेला तांदळाएवढा वैमानिक. मिगचा पंखविस्तार ७ मीटर १५ सेंटिमीटर, त्याला ७२ ने भागा, जवळजवळ १० सेंटिमीटर. पट्टी लावून मोजले, बरोबर भरले. कुठल्यातरी चिनी कारखान्यातल्या मुलींनी डोळे फोडून हे रंगवले असणार. त्यांना माझा नमस्कार.

माझे भांडण आहे ते कपाटाशी. त्यात काय आहे आणि काय नाही याच्याशी.

काय आहे ते सांगतो. अमेरिकेचे एफ-१४ चार रंगांत आहे. सिनेमा आला होता त्याच्यावर, १९८६ मध्ये. ते विमान अमेरिकन नौदलाने २००६ मध्ये मोडीत काढले, पण आमच्या मनीषनगरात त्याचे चार अवतार दिव्याखाली झळकतात. एफ-१६ तीन. एक ग्नॅट आहे, पण लालभडक, म्हणजे ब्रिटिशांच्या कसरती करणाऱ्या पथकाचे. मी पुतण्याला विचारले, ग्नॅट म्हटल्यावर तुला कोण आठवते? त्याला पथकाचे इंग्रजी नाव आठवले. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों आठवले नाहीत. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना हा माणूस ग्नॅट घेऊन उडाला आणि सेबर विमानांच्या घोळक्याशी लढत पडला. परमवीरचक्र मिळालेला हवाई दलातला एकमेव. त्याच तारखेला तिकडे ढाक्यात गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटे सोडली आणि दोन दिवसांत युद्ध संपले. एकाच दिवसाच्या दोन टोकांना असलेली ही दोन विमाने कपाटात शेजारी-शेजारी ठेवली आहेत, आणि घरात कोणाला ते माहीत नाही. मी सांगेपर्यंत मालकालाही नव्हते.

काय नाही ते याहून वाईट. मरुत नाही. एचएफ-२४ मरुत, भारतात विकसित झालेले पहिले लढाऊ जेट. आराखडा कर्ट टँक या जर्मन माणसाचा आणि बंगलोरच्या आपल्या लोकांचा, पहिले उड्डाण १७ जून १९६१. १४७ विमाने बनवली. त्याला मनाजोगे इंजिन कधी मिळाले नाही, त्यामुळे ठरवला होता तेवढा वेग त्याने कधी गाठला नाही. तरी १९७१ मध्ये लोंगेवालाच्या बाजूला लढले आणि १९९० पर्यंत टिकले. एक मुंबईला नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभे आहे. सहलीला नेलेली पोरे त्याच्या चाकांशी घुटमळताना मी पाहिली आहेत. त्याचे असे डायकास्ट मॉडेल मी अजून एकाही दुकानात पाहिले नाही. कोणी पाहिले असेल तर कळवा, पेन्शनीतून घेतो. मागणी नाही, म्हणून काढत नाहीत. मागणी का नाही? कारण आम्ही अमेरिकन सिनेमा पाहून ठरवतो की कशाला शूर म्हणायचे.

सुखोई-३० आहे, भारतीय रंगातले, ते डब्यात. पुतण्याला म्हटले, खरे कुठे बनते माहीत आहे का? रशियात, म्हणाला. अरे बाबा, नाशिकजवळ ओझरला! एचएएलचा तो कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठीच उभा राहिला. पुढे तिथे मिग-२७ झाले, मग सुखोई, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तेजसच्या नव्या आवृत्तीचे ओझरमधले पहिले विमान उडाले. ओझरवरून आपण शिर्डीला जाताना चहा पिऊन गेलो आहोत, तुझ्याच गाडीने. खरे विमान आपल्याच राज्यात बनते आणि त्याचे चित्र चीनमधून मागवतो, वर सांगतो रशियात बनते.

आणि आपले नागपूर? फुटाळ्याच्या वर वायुसेनानगर आहे, तिथे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय. देशभरातले दुरुस्तीचे डेपो त्यांच्या हाताखाली, ओझरचा ११ नंबरचा डेपोसुद्धा. नागपूरकरांना त्याची आठवण कसरती असतात तेव्हा होते. सूर्यकिरण आले की अख्खे गाव गच्चीवर. एरवी तिथे काय चालते? विमाने उघडून परत जोडण्याचा हिशेब चालतो. ते कोणाला बघायचे आहे?

माझ्या वर्गात वायुसेनानगरची मुले असत. एका मुलाचे वडील कार्पोरल होते. एकदा मी त्यांना वर्गात बोलावले, मुलांना तुमचे काम सांगा म्हणून. मला वाटले होते मोठमोठ्या लढायांच्या गोष्टी सांगतील. त्यांनी सांगितले पॅराशूटच्या घडीबद्दल. मिग-२१ उतरते तेच इतक्या वेगाने, की नुसत्या ब्रेकने भागत नाही, शेपटीतून पॅराशूट सोडावे लागते. ते धावपट्टीवर गळून पडते, मग कोणीतरी जाऊन उचलून आणते, तपासते आणि परत घडी घालते. त्यांनी बरोबर आणलेली सतरंजी वर्गात पसरून घडी कशी बसते ते दाखवले. मग म्हणाले, काम संपले की पाने-पेचकस मोजायचे. एक कमी भरला तर विमान उडणार नाही, तो सापडेपर्यंत. एका मुलाने विचारले, सापडलाच नाही तर? ते म्हणाले, "सापडतो. घरी जायचं असतं न." माझ्या पस्तीस वर्षांतला सगळ्यात चांगला तास तो, आणि तो मी घेतलेला नव्हता.

त्या माणसाच्या जागेचे कपाटात काय आहे? तांदळाएवढा वैमानिक आहे, शिडीखाली उभा राहणारा माणूस नाही. आणि ज्या वैमानिकांना घेऊन ही विमाने पडली, तेही नाहीत. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले होते : घेतलेल्या ८७२ मिगपैकी ४८२ अपघातात सापडली, १७१ वैमानिक गेले, ३९ साधे नागरिक गेले. यात मिगचे सगळे प्रकार आले. हे सांगितल्यावर सुनबाई म्हणाली, काका, मुलासमोर कशाला. मुलासमोरच! त्याने विचारले होते, "याने बैलासारखं काम केलं का?" त्याला खरे उत्तर द्यायचे तर हेही सांगावे लागते. पोळ्याला आपण बैलाच्या पाठीवरचे वळसुद्धा पाहतो.

वर्ध्याचे माझे एक सर्वोदयी स्नेही आहेत, या अनुदिनीचे जुने वाचक. त्यांना हा प्रसंग सांगितला तर ते वेगळ्याच बाजूने तुटून पडले. म्हणाले, मारायचे यंत्र मुलाच्या हातात द्यावेच कशाला, आणि त्याला कुंकू? मी त्यांच्याशी अर्धा सहमत आहे. तोफा-बंदुकांची खेळणी मी कधी कोणाला भेट दिली नाही. पण मग कपाटातली आरास त्यांनी आधी फोडायला हवी. विमान जिथे फक्त चकचकीत असते, त्याला ना कोणी जोडते ना त्यातून कोणी पडते, ती आरास मला हातातल्या विमानापेक्षा जास्त भयंकर वाटते. लोकरीने ओढणारा पोरगा निदान विचारतो तरी, की हा कोणासाठी राबला. स्नेह्यांना हे पटलेले नाही. पत्र येईलच.

आता एक कबुली. हे सगळे पुतण्याला सुनावून रात्री झोपलो आणि झोप येईना. आमच्या शाळेत एक पृथ्वीगोल होता. चांगला मोठा, पितळी कमानीचा. माझ्या ताब्यात होता. पोरे फोडतील म्हणून मी तो कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचो. तपासणीला साहेब आले की खाली यायचा, फडक्याने पुसून टेबलावर, साहेब गेले की परत वर. इतिहासाच्या तासाला वास्को-द-गामा आफ्रिकेला वळसा घालून कसा आला ते मी फळ्यावर खडूने काढून दाखवायचो, आणि डोक्यावर खरा गोल पिशवीत. मी निवृत्त झालो तेव्हा तो नवा कोरा होता. ताबा देताना मला त्याचा अभिमान वाटला होता! यादीवर सही घेतली. एका पोराच्या बोटाचा ठसा त्याच्यावर नव्हता. कपाटाच्या किल्ल्या सांभाळण्यात आम्ही मास्तरमंडळी पुतण्याच्या चार पिढ्या पुढे आहोत, तेव्हा फार आवाज चढवण्याचा मला हक्क नाही. पण म्हणूनच चढवतो आहे. मला माहीत आहे शेवटी काय हाती लागते. यादीवरची सही.

घरोघरच्या लाकडी बैलांचे बघा. महालात, इतवारीत काही घरांतून पणजोबांच्या वेळचे सागवानी बैल आहेत, हजारो रुपये मोजायला लोक तयार आहेत. वर्षभर तेही कपड्यात गुंडाळून ठेवतात, नाही असे नाही. पण तान्ह्या पोळ्याला बाहेर निघतातच, आणि पोरांच्याच हाती. शिंग मोडते, खिळा मारतात. कान तुटतो, नवा बसवतात. आमच्या घरच्या बैलाचा एक पाय सागाचा नाही, आंब्याचा आहे, वडिलांनी १९५८ च्या सुमारास बसवलेला, कारण तो मी मोडला होता. पुतण्याच्या हिशेबाने त्या बैलाची किंमत शून्य.

मिगचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. पुतण्या म्हणाला, आता त्याची काही व्हॅल्यू राहिली नाही, पाहिजे तर घेऊन जा. मी घेऊन आलो. सौ.च्या डब्यातली गोधडीची सुई पक्कडीने तोडून नाकाला चिकटवली, सरळ बसायला तीन प्रयत्न लागले. निखळलेले चाक वॉचमनने शोधून ठेवले होते, पण ते चेपले होते, म्हणून जुन्या माळेतला काळा मणी बसवला. जरा लंगडते. नातू रविवारी येतो तेव्हा आम्ही ते गच्चीवर ओढतो आणि शेपटीला बांधलेल्या हातरुमालाची घडी घालायची प्रॅक्टिस करतो. त्याला माझ्यापेक्षा चांगली जमते. उरलेले कपाट अजून कुलपात आहे. किल्ली फ्रिजवरच्या चहाच्या डब्यात असते, हे त्याने मला सांगितले आहे. त्याच्या बापाला मी सांगितलेले नाही. म्हणजे आता वाचेल तेव्हा कळेल.